विचारलं तेवढंच सांगणारं यंत्र

वर्सोव्यात गोठा नाही. अंधेरी-जोगेश्वरीकडे काही तबेले अजून तग धरून आहेत, पण इथं पाळलेलं जनावर म्हणजे बाल्कनीतलं मांजर, फार तर किनाऱ्यावर फिरायला आणलेला लॅब्राडॉर. तरीही पाळीव जिवांच्या एका अफाट कळपाच्या साथींवर नजर ठेवणारी माणसं इथंच बसतात. यारी रोडवरून पंच मार्गाला वळलं की केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेचं आवार लागतं. रिक्षावाल्याला नुसतं ‘फिशरीज’ म्हटलं, तर तो आधी सात बंगल्याच्या जुन्या आवाराकडे नेतो, कारण तिथल्या रस्त्याचं नावच फिशरीज युनिव्हर्सिटी रोड आहे. 1961 साली सुरू झालेली ही संस्था 1979 मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेकडे आली आणि 1989 पासून ती अभिमत विद्यापीठ आहे. कळप अर्थातच कोळंबीचा आणि माशांचा.

कोळीवाडा इथून चालत जाण्याच्या अंतरावर. तिथल्या बाजारात तलावातली कोळंबी कशी ओळखायची असं एका मावशींना विचारलं, तेव्हा त्या टोपलीतून हात न काढता म्हणाल्या, “तलावातली एका मापाची असते, बाय. दर्यातली नाय.” इतकी नेमकी व्याख्या मला नंतर प्रयोगशाळेतही कुणी दिली नाही. एका दिवशी सोडलेलं, एकाच जातीचं, एकाच वयाचं बीज. अर्ध्या हेक्टरच्या तळ्यात चौरस मीटरला 40 जीव धरले, तर 2 लाख कोळंबी एका पाण्यात. विषाणूला याहून सोयीची वस्ती कुठली मिळणार?

गुराढोरांच्या साथीशी तुलना केली की या कामाची अडचण लगेच कळते. ऑगस्ट 2022 मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात जनावरांच्या अंगावर गाठी दिसल्या, आणि लंपीची बातमी राज्यभर झाली. गाय डोळ्यांसमोर असते. तिला ताप चढतो, ती वैरण सोडते, गाठी येतात आणि मालकाला ओट्यावरून ते दिसतं. शिवाय तिच्या रक्तात अँटिबॉडी तयार होतात. आजार होऊन गेला असला तरी त्याचा माग रक्तात सापडतो आणि लस टोचता येते. लंपीच्या वेळी शेळ्यांच्या देवीची लस वापरून राज्यानं मोहीम चालवली.

कोळंबी हिरवट गढूळ पाण्याच्या तळाशी असते. तिच्या शरीरात अँटिबॉडी तयार होतच नाहीत. त्यामुळे गुरांसारखी रक्ततपासणी नाही आणि बाजारात लसही नाही. विषाणू प्रत्यक्ष अंगात असेल तेव्हाच तो शोधायचा. आणि एकदा तळं आजारी पडलं की औषधोपचार असा काही नसतोच. म्हणून इथं ‘निगराणी’ हा सरकारी वाटणारा शब्द फार खरा आहे. करता येण्यासारखं जवळपास तेवढंच असतं, ते मात्र वेळेवर करायचं असतं.

हे शहाणपण महागात पडून आलेलं आहे. व्हाइट स्पॉट नावाचा विषाणू 1992 च्या सुमारास तैवान-चीनकडे दिसला आणि 1994-95 मध्ये त्यानं आपल्या पूर्व किनाऱ्यावरचे कोळंबी फार्म झोपवले. तेव्हा टायगर कोळंबी पाळली जायची आणि बिजासाठी लागणारी मादी समुद्रातून पकडून आणत. मादीबरोबर विषाणूही हॅचरीत यायचा. डिसेंबर 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा कोळंबी फार्मवरचा गाजलेला निकाल आला, तो पर्यावरणाच्या मुद्द्यावर. त्यातूनच पुढे 2005 चा किनारी जलकृषी प्राधिकरणाचा कायदा झाला. 2009 मध्ये व्हेनामी या मूळच्या लॅटिन अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या जातीला परवानगी मिळाली. तिचे ‘एसपीएफ’, म्हणजे ठरावीक रोगांपासून मुक्त असलेले नर-माद्या परदेशातून विमानानं येतात आणि चेन्नईच्या नीलांकराईतल्या विलगीकरण केंद्रात तपासून मगच हॅचरीला दिले जातात. यात एक गोम आहे, ती शेतकऱ्यांना सांगून सांगून शास्त्रज्ञ दमलेत. रोगमुक्त म्हणजे रोगप्रतिकारक नव्हे. तळ्यात सोडल्यावर शेजारच्या खाडीतला एक खेकडा कुंपण ओलांडून आला, तरी पुरतं. व्हाइट स्पॉट खेकड्यांत, शेवंडात, रानकोळंबीत, जवळपास सगळ्याच दहापायी कवचधाऱ्यांत राहू शकतो.

2013 पासून देशात जलचर प्राण्यांच्या रोगांवर राष्ट्रीय निगराणी कार्यक्रम चालतो. पैसा हैदराबादच्या राष्ट्रीय मत्स्य विकास मंडळानं दिला, सूत्रं लखनौच्या मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे, आणि राज्याराज्यांतल्या संस्था नमुने गोळा करणार. दुसरा टप्पा प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतून सुरू झाला. महाराष्ट्राची बाजू वर्सोव्याकडे. हे सगळं कागदावर वाचणं वेगळं आणि जानेवारीच्या पहाटे नमुने आणायला निघालेल्या जीपमध्ये मागच्या सीटवर बर्फाच्या पेटीशेजारी बसणं वेगळं.

आम्ही पालघर जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या फार्मवर चाललो होतो. घोडबंदरपाशी वसई खाडीवर जो पूल लागतो, त्याचंही नाव वर्सोवा पूलच, आणि तिथल्या वाहतूक कोंडीचा आमच्या वर्सोव्याशी काही संबंध नाही. पण पेटीतला बर्फ तिथंच वितळायला लागतो, हे सोबतच्या संशोधक मॅडमना पाठ झालेलं. म्हणून पहाटे निघायचं. जीपमध्ये बर्फाशिवाय होतं ते असं: 95 टक्के इथेनॉल भरलेल्या छोट्या कुप्या, कात्र्या, चिमटे, इन्सुलिनच्या सिरिंज, एका बाटलीत डेव्हिडसन फिक्सेटिव्ह, पाण्याची क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर, आणि भरायचे फॉर्म. फॉर्मचा गठ्ठा सगळ्यात जड होता, असं म्हटलं तर त्यांना राग येणार नाही.

फार्मच्या फाटकाशी पोटॅशियम परमँगनेटच्या जांभळट पाण्याची उथळ टाकी असते. त्यात पाय बुडवायचे. जीपची चाकंही फवारली. त्या दिवशी दुसऱ्या कुठल्या फार्मवर जायचं नाही, हे आधीच ठरलेलं. रोग शोधायला निघालेली माणसंच रोग या तळ्यातून त्या तळ्यात पोचवू शकतात, एवढी साधी भीती त्यामागे आहे. तळ्यांभोवती गुडघाभर उंचीची प्लॅस्टिकची पट्टी खेकड्यांसाठी, आणि वरून ओढलेल्या दोऱ्या पक्ष्यांसाठी. बगळा मेलेली कोळंबी एका तळ्यातून उचलतो आणि उडता उडता दुसऱ्यात टाकतो. मालकांनी आम्हाला चहा दिला, आणि बोलता बोलता त्यांची नजर सारखी दोऱ्यांकडे. “बगळं वाढलं की मी समजतो, मॅडम. तुमच्या मशीनच्या आधी बगळ्याला कळतं.”

यात अतिशयोक्ती नाही. व्हाइट स्पॉट झालेली कोळंबी खाणं सोडते, सुस्तावते आणि बांधाच्या कडेला वर येते. पक्ष्यांना मेजवानी. कवचाच्या आतल्या बाजूला अर्ध्या ते दोन मिलिमीटरचे पांढरे ठिपके दिसतात. ते म्हणजे कवचात नको तिथं साठलेले कॅल्शियमचे क्षार. कधी ठिपके दिसतच नाहीत आणि नुसती लाली चढते. लक्षणं दिसल्यावर 3 ते 10 दिवसांत तळं रिकामं होऊ शकतं. थंडीत ही भीती जास्त. पाणी 32 अंशांच्या वर तापलं की हा विषाणू नरमतो, गारवा आला किंवा अवेळी पावसानं पाणी एकदम थंड-गोडं झालं की उचल खातो. म्हणून जानेवारी.

मालकांची दोन तळी तपासायची होती. एकात सगळं आलबेल. दुसऱ्यात महिनाभरापासून रोज थोडी थोडी मर होती. मोठी नाही, पण थांबतही नव्हती.

मला वाटलं होतं, चेक ट्रे वर काढायचा आणि त्यातली कोळंबी घ्यायची. चेक ट्रे म्हणजे जाळीची चौकोनी परात. तिच्यात चिमूटभर खाद्य ठेवून ती तळाशी सोडतात आणि तास-दीड तासानं वर काढून किती खाल्लं ते बघतात. आजचा खाद्याचा हिशेब, उद्याची चिंता, सगळं त्या परातीत. कामगारानं ती वर काढली तेव्हा तिच्यात पाच-सहा कोळंब्या टणाटण उड्या मारत होत्या, आतडं खाद्यानं गच्च भरलेलं, काळ्या दोऱ्यासारखं पाठीतून दिसणारं. मॅडमनी त्या परत सोडून दिल्या. “या जेवायला आल्यात. ज्यांना भूक नाही त्या मला हव्यात.”

परातीत येते ती भूक असलेली, म्हणजे बरी असलेली कोळंबी. नमुना तिथून घेतला तर तळं निरोगीच दिसणार. म्हणून पाग टाकावा लागतो. चारही कोपऱ्यांत, पाणी सोडायच्या फाटकाजवळ, आणि मधल्या खोलगट भागात जिथं एरेटरच्या फिरत्या पाण्यानं गाळ आणि मेलेली कोळंबी साचते तिथं. पाग टाकणारा आदिवासी पोरगा सडपातळ होता, पण त्याच्या हातून जाळं असं गोल उघडायचं की पाण्यावर पडताना आवाजच होत नसे. पाण्यात हात घालून त्यानं एक निपचित कोळंबी उचलली. जिवंत होती, पण चिमटीत धरल्यावर शेपटीचा झटका नाही. “ही बघा,” मॅडम म्हणाल्या, “अशी मिळाली पाहिजे. मेलेली नको. मेलेलीत तासाभरात इतके जिवाणू होतात की मूळ कारण त्यात हरवतं.”

किती घ्यायच्या? इथं गणित येतं आणि ते मला सगळ्यात आवडलं. तळ्यात 100 पैकी 2 कोळंब्यांना लागण असेल आणि ती पकडण्याची खात्री 95 टक्के हवी असेल, तर सुमारे 150 कोळंब्या तपासाव्या लागतात. लागण 10 टक्क्यांवर गेली असेल तर 30 पुरतात. म्हणजे रोग जितका कमी, तितकी मेहनत जास्त. लवकर कळावं असं वाटत असेल तर जास्त जीव तपासा, उशिरा कळलेलं चालणार असेल तर थोडक्यात भागतं. 30 तपासून ‘काही नाही’ म्हणणारा अहवाल खोटा नसतो, पण तो दोन टक्क्यांबद्दल काही बोलत नाही. शेतकऱ्याच्या हातात मात्र एकच शब्द पडतो, निगेटिव्ह, आणि तो त्यावर पुढच्या महिन्याचं खाद्य उधारीवर उचलतो.

बऱ्या तळ्यातून 150 घेतल्या. मारल्या नाहीत. पोटाखाली पोहण्याचे जे पाय असतात त्यातला एक कात्रीनं कापून कुपीत टाकायचा आणि कोळंबी परत पाण्यात. कात टाकताना पाय पुन्हा फुटतो. पाच जणींचे पाय एका कुपीत, म्हणजे 30 कुप्या. पायच का, डोळे का नाहीत? कोळंबीच्या डोळ्यांत असं काहीतरी असतं जे पीसीआर चाचणीच अडवतं, आणि विषाणू असूनही निकाल निगेटिव्ह येतो. हेपॅटोपॅनक्रियाज, म्हणजे कोळंबीचं यकृत म्हणा हवं तर, तेही या विषाणूसाठी निरुपयोगी, कारण व्हाइट स्पॉट त्या जातीच्या पेशींत वाढत नाही. कुठला अवयव कापला यावर निकाल ठरतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. कोविडच्या काळात नाकात काडी खुपसणाऱ्यांकडेही मी इतक्या आदरानं पाहिलं नव्हतं.

मर असलेल्या तळ्यातल्या निपचित कोळंब्यांचं मात्र वेगळं झालं. पायाचा तुकडा घेतलाच, शिवाय इन्सुलिनच्या सिरिंजनं डेव्हिडसन थेट हेपॅटोपॅनक्रियाजमध्ये टोचलं, मग पोटाच्या एकेका भागात. हा फॉर्मालिन, अल्कोहोल आणि ॲसेटिक ॲसिडचा उग्र द्रव. टोचल्या जागी पारदर्शक मांसाचा रंग भराभर पालटला आणि कोळंबी थांबली. हे जिवंतपणीच करावं लागतं. कोळंबी मेली की तिचे स्वतःचेच पाचक रस काही मिनिटांत त्या अवयवाचा लगदा करून टाकतात आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासारखं काही उरत नाही. नंतर कवचाला बाजूनं चीर देऊन ती दहापट द्रवात बुडवली. मालक हे सगळं हाताची घडी घालून बघत होते. “ह्यातनं काय निघंल?” त्यांनी विचारलं. “निघालं तर सांगते, नाही निघालं तरी सांगते,” मॅडम म्हणाल्या. त्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग मला तेव्हा सौजन्य वाटला होता.

वर्सोव्याच्या प्रयोगशाळेत पुढचं काम बघायला चिकाटी लागते, कारण बघण्यासारखं फार थोडं घडतं. पाय कुटायचे, रसायनांनी पेशी फोडायच्या, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं, डीएनए वेगळा करायचा. पाण्यासारखा दिसणारा द्रव एका नळीतून दुसऱ्या नळीत जातो आणि तुम्ही विश्वास ठेवायचा की काहीतरी चाललंय. व्हाइट स्पॉटचा जीनोम डीएनएचा, सुमारे 3 लाख अक्षरांचा, विषाणूंमध्ये भलताच मोठा. त्याच्यासाठी साधा पीसीआर चालतो. मांसपेशी पांढुरक्या करणारा आयएमएनव्ही किंवा तिलापिया माशाचा टिलव्ही हे आरएनए विषाणू, त्यांना आधी आरएनएचं डीएनएत रूपांतर लागतं. कोविडनं घरोघरी पोचवलेलं ते ‘आरटी’ हेच.

व्हाइट स्पॉटसाठी 1996 मध्ये तैवानच्या शास्त्रज्ञांनी सुचवलेली दोन टप्प्यांची पद्धत अजून वापरात आहे. पहिल्या टप्प्यात 1447 अक्षरांचा तुकडा वाढवायचा, दुसऱ्यात त्याच्याच पोटातला 941 अक्षरांचा. पहिल्या टप्प्यातच तुकडा दिसला तर विषाणू मुबलक आहे, तळ्याचं आता खरं नाही. फक्त दुसऱ्यात दिसला तर विषाणू आहे पण मोजकाच. कोळंबी त्याला घेऊन हिंडते आहे, अजून आजारी पडलेली नाही. एका बाजूला पाणी घातलेला निगेटिव्ह कंट्रोल, दुसऱ्या बाजूला नक्की विषाणू असलेला पॉझिटिव्ह. पाणी ‘पॉझिटिव्ह’ आलं तर पूर्ण खेप फेकून पुन्हा सुरुवात. पहिल्या टप्प्याची नळी उघडताना उडालेला अदृश्य कणसुद्धा दुसऱ्याला बाटवतो, म्हणून दोन्हीच्या खोल्या वेगळ्या, पिपेट वेगळे, ॲप्रनसुद्धा वेगळे. सोवळं-ओवळं मी आजीकडे पाहिलं होतं. इतकं कडक तिथंही नव्हतं.

संध्याकाळी जेल लावलं. ॲगारोजच्या पारदर्शक पट्टीत एकेक नमुना बारीक खाचेत सोडायचा आणि वीज चालू करायची. डीएनए ऋणभारित, तो धन टोकाकडे सरकतो. लहान तुकडे पुढे, मोठे मागे. मग पट्टी अतिनील दिव्याखाली. अंधारात मापासाठी घातलेली मार्करची शिडी आधी उजळली, मग पॉझिटिव्ह कंट्रोल. पाण्याची रांग कोरी. बऱ्या तळ्याच्या 30 कुप्यांपैकी दोनमध्ये, 941 च्या पातळीला, फिकट रेघ. पहिल्या टप्प्याच्या पट्टीत त्यांच्या जागा रिकाम्या होत्या. मला तर ती रेघ दाखवल्यावरही नीट दिसेना. शेजारी उभ्या असलेल्या पीएचडीच्या विद्यार्थ्यानं हळूच म्हटलं, “आहे.” मॅडम काही बोलल्या नाहीत. त्यांनी त्या दोन कुप्या पुन्हा करायला काढल्या. दुसऱ्या दिवशीही रेघा तिथंच होत्या.

आणि ज्या तळ्यात खरोखर मर चालू होती, तिथलं? व्हाइट स्पॉट निगेटिव्ह. आयएमएनव्ही निगेटिव्ह. यादीतले बाकीचे सगळे निगेटिव्ह.

पीसीआरची खरी मर्यादा इथं उघडी पडते. प्राइमर म्हणजे विषाणूच्या जीनोममधल्या दोन ठरावीक जागांना चिकटणारे छोटे तुकडे. ते आपण आधी बनवून घालतो. म्हणजे आपण यंत्राला विचारतो, अमुक आहे का? ते म्हणतं हो किंवा नाही. ‘अमुक नाही, पण दुसरंच काही आहे बरं का’ असं ते कधीही सांगत नाही. नवा रोग पकडायचा तर त्याचं नावच माहीत नसतं. मग विचारणार काय?

इस्रायलच्या किनरेट सरोवरात तिलापिया घटत होता. 2009 पासून फार्ममध्येही मासे मरत होते. कारण म्हणून एक नवाच विषाणू, म्हणजे हा टिलव्ही, 2014 मध्ये जगापुढे आला, तोही माशांच्या पेशी काचेत वाढवून, त्या मरताना बघून. त्याच्या जीनोमचे दहा तुकडे. त्यातल्या एकाचं इन्फ्लुएंझा सी च्या एका जनुकाशी पुसटसं साम्य, बाकी नऊ कशासारखेच नाहीत. पाच वर्षं जगातली उत्तमातली उत्तम प्रयोगशाळा त्या माशांना ‘निगेटिव्ह’ म्हणू शकली असती आणि ते खरंच ठरलं असतं. भारतातली त्याची नोंद 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. उजनीच्या बॅकवॉटरला ज्याला ‘चिलापी’ म्हणतात तोच हा मासा, भिगवणच्या बाजारात ढिगानं येणारा. त्यामुळे हा विषय इस्रायलचा राहत नाही. उलट आयएमएनव्हीच्या बाबतीत बरं झालं. तो ब्राझीलमध्ये 2002 ला दिसला, इंडोनेशियात 2006 ला. त्यामुळे 2016 मध्ये पश्चिम बंगालच्या फार्ममधल्या कोळंबीची शेपटी उकडल्यासारखी पांढरी दिसायला लागली तेव्हा काय विचारायचं ते इथं ठाऊक होतं. कुर्ल्याच्या शोभिवंत माशांच्या बाजाराचीही काळजी वाटायला जागा आहे. सोनमाशांचा हर्पिस विषाणू 15 ते 25 अंशांत रोग करतो, मुंबईच्या उकाड्यात मासा तो मुकाट्यानं बाळगतो आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून कुठंही जातो.

म्हणून डेव्हिडसनच्या बाटलीला महत्त्व. त्यातली कोळंबी मेणात बसवून पाच मायक्रॉनच्या चकत्या कापायच्या, जांभळ्या-गुलाबी रंगांत रंगवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली नुसतं बघत बसायचं. ही शंभर वर्षांहून जुनी पद्धत आहे, तिला वेळ लागतो, आणि ती शिकायला तरुण मुलं फारशी उत्सुक नसतात. एका बटणावर निकाल देणारं यंत्र शेजारी असताना कोण आठवडाभर डोळे फोडणार? माझं मत विचाराल तर नव्या रोगांच्या बाबतीत तेच काम आधी लागतं. स्लाइडला प्रश्न विचारावा लागत नाही. केंद्रक सुजलंय, त्यात नको तो गोळा आहे, पेशी गळून पडल्यात, जे असेल ते दिसतं, नाव असो वा नसो. नवी जनुक-वाचन यंत्रं नाव न विचारता सगळं वाचतात हे खरं, पण कुठला तुकडा वाचायला द्यायचा हे ती स्लाइडच सुचवते.

आणि त्याहीआधी लागतो फोन. फार्मवरून कुणीतरी कळवावं लागतं. जून 2023 मध्ये केंद्र सरकारनं ‘रिपोर्ट फिश डिसीज’ नावाचं ॲप काढलं. फोटो काढा, पाठवा, तज्ज्ञ सांगतील. ॲप चांगलं आहे, पण फोन न करण्यामागं तंत्रज्ञानाचा अभाव हे कारण नसतं. खाद्य उधारीवर आलेलं असतं. तळ्यात रोग आहे हे कळलं की खाद्यवाला हात आखडता घेतो. माल उचलणारा व्यापारी भाव पाडतो. विमा जवळपास कुणाकडेच नसतो. चेन्नईच्या खाऱ्या पाण्यातील जलकृषी संस्थेनं 2021 मध्ये मांडलेल्या हिशेबात व्हाइट स्पॉटमुळे देशाचं वर्षाला 1,600 कोटींहून अधिक नुकसान होतं, आणि ईएचपी नावाच्या, विषाणू नसलेल्या, कोळंबीची वाढच खुंटवणाऱ्या सूक्ष्म परजीवीमुळे जवळपास 4,000 कोटींचं. हे पैसे कुणाच्या खिशातून गेले ते प्रत्येकाला ठाऊक असतं, म्हणूनच प्रत्येकजण गप्प असतो. शंका आली की रातोरात जाळी लावायची, बारीक माल विकायचा आणि पाणी खाडीत सोडून द्यायचं. माणसाला व्हाइट स्पॉटचा काहीही धोका नाही, त्यामुळे विकण्यात गैर नाही. गैर आहे ते पाणी सोडण्यात. पुढच्या भरतीला तेच पाणी शेजारचा पंपानं आत घेतो.

निकाल कळवला तेव्हा मी खोलीतच होते. फोन स्पीकरवर. बऱ्या दिसणाऱ्या तळ्यात विषाणू मोजका आहे, हे ऐकल्यावर पलीकडे थोडा वेळ शांतता. मग पहिला प्रश्न आला, तो कोळंबीबद्दल नव्हता.

“मॅडम, हे आणखी कुणाला कळवलंत?”

“शेजाऱ्याला आम्ही नाही सांगणार, काका. तुम्ही सांगा.”

“मी सांगितलं तर तो माझ्याच नावानं बोंब मारणार.”

“आणि नाही सांगितलं तर त्याचा पंप चालूच राहणार. मग उद्या त्याचं पाणी तुमच्या दुसऱ्या तळ्यात.”

मग कामाचं बोलणं सुरू झालं. पाण्याची अदलाबदल बंद, खाडीचं पाणी आत घ्यायचं नाही. या तळ्याचं जाळं, बादली, परात दुसऱ्या तळ्यावर न्यायची नाही. खाद्य थोडं कमी, एरेटर रात्रभर चालू, कोळंबीला कुठलाही ताण नको. काउंट, म्हणजे किलोला कोळंब्या, किती आला? सत्तर. पन्नासपर्यंत थांबायची त्यांची इच्छा होती, मॅडमचं म्हणणं आत्ताच काढा. शेवटी दर दोन दिवसांनी परात आणि बगळे बघून ठरवायचं, आणि काढणीनंतर पाणी ब्लीचिंग पावडर टाकून तळ्यातच धरून ठेवायचं, यावर जमलं. शेजाऱ्याचं काय झालं ते मला कळलं नाही.

दुसऱ्या तळ्याचा निकाल ऐकून मात्र काकांचा आवाज मोकळा झाला. सगळं निगेटिव्ह! मॅडम म्हणाल्या, “काका, तो निगेटिव्ह यादीपुरता आहे. मर थांबली का?” थांबली नव्हती. स्लाइडमध्ये हेपॅटोपॅनक्रियाजच्या काही नळ्यांच्या पेशी गळालेल्या दिसत होत्या. ते विषाणूमुळे, जिवाणूच्या विषामुळे की खाद्यातल्या बुरशीमुळे, हे तेवढ्यावरून ठरत नव्हतं. फॉर्मवरच्या कारणाच्या रकान्यात ‘अनिश्चित’ असं लिहून त्याखाली पुढच्या भेटीची तारीख टाकली गेली. अमावास्या आसपास होती. तेव्हा कोळंबी कात टाकते, अंगानं मऊ असते आणि खाणंही कमी करते, त्यामुळे आजारी आणि कात टाकणारी यांत फरक करणं अवघड जातं. म्हणून अमावास्येनंतर चार दिवसांनी यायचं ठरलं. त्या खेपेला डेव्हिडसनची बाटली दुप्पट न्यायची, काही तुकडे उणे 80 अंशांच्या फ्रीजरसाठी वेगळे ठेवायचे, आणि खाद्याच्या पोत्यातलंही मूठभर आणायचं.